टाइमकीपरचा अंगठा

उदगीरच्या सिमेंट कोर्टावरच्या चुन्याच्या रेषा
दुपारीच पुसट झाल्या होत्या.
एका रिंगला जाळी, दुसरीला नुसता गंज.
आंतरमहाविद्यालयीन, मुलींचा गट, उपांत्य सामना.
हिंगोली एकोणचाळीस, आपण अडतीस,
उरलेले सहा सेकंद.

ते सहा सेकंद माझ्या हातात होते.
खरंच हातात : झेडपीच्या शाळेतून मागून आणलेलं स्टॉपवॉच,
दोरी गळ्यात, अंगठा बटणावर.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं.
सात नंबरची भाग्यरथा उडाली,
बॉल रिंगवर दोनदा नाचला, नको म्हणाला,
चार-पाच हातांच्या गर्दीतून निसटला
तो थेट प्राचार्यांच्या खुर्चीखाली.
गव्हाणे सरांची शिट्टी. बोट आपल्याकडं.
उदगीरचा बॉल, घड्याळात एक सेकंद.
आपल्याकडं गॅलरी नाही, कंपाउंडची भिंत आहे.
अख्खी भिंत उठून नाचली.

आणि तिनं हात वर केला.
"सर, शेवटी माझं बोट लागलं."

संध्याकाळी कदीरच्या हॉटेलात
बाकडी कमी, तोंडं जास्त.

"हात कामून वर केली ती? कुणी विचारलंतं का?"
"मग खोटं जिंकायचं होतं का?"
"आरं, त्यात खोटं काय? शिट्टी त्याची, चूक त्याची.
आपण फक्त गप बसायचं. गप बसणं काय गुन्हा हाय का?"
"पहिल्या हाफला त्यानं आपले तीन फाउल गिळले,
तवा हिंगोलीच्या एका तरी पोरीनं हात वर केला का?"
"दुपारी त्यांच्या मॅनेजरच्या डब्यातली भाकर खाल्लाय गव्हाणे,
मी सोत्ता बघितलो."
"भाकर तर तू बी खाल्लास की त्यांची!"
"मी काय शिट्टी घालून बसलोतो का गळ्यात?"

खंडू लोमटेनं चहाच्या डागांवर
बोटानं कोर्ट काढलं,
साखरेचे दाणे म्हणजे पोरी,
आणि एकेक दाणा सरकवत दाखवलं
की बोट लागलंच नव्हतं, तिला भास झाला.
बशी पुसली गेली तरी तो दाखवतच होता.

मी काही बोललो नाही.
टाइमकीपरला कोण विचारतं?
रेफरीला शिव्या असतात, खेळाडूला टाळ्या किंवा शिव्या,
टेबलावरच्या माणसाला फक्त वही.

पण थ्रो आत आला तेव्हा
माझा अंगठा बटणावरच बसून राहिला.
एक… दोन… मग दाबला.
विसरला म्हणू? थरथरला म्हणू?
अंगठाही उदगीरचाच, माझ्यासोबत वाढलेला.

म्हणजे खऱ्या हिशेबानं
बॉल हवेत होता तेव्हाच सामना संपला होता.
शिट्टी, बोट, भिंतीवरचा नाच,
हे सगळं झालं मी चोरून आणलेल्या दोन सेकंदांत,
आणि त्याच चोरीच्या वेळात उभी राहून
ती पोरगी खरं बोलली.

तेवढ्यात ती रस्त्यानं आली,
पाठीवर किट, मधल्या बोटाला पांढरी पट्टी.
बाकडी गप झाली. सगळ्यात जास्त ओरडणाराच म्हणाला,
"ये की गं, चहा घे."
"नको दादा, चाकूरची बस हाय. आजची शेवटची."
ती गेली.
कुणीतरी उगंच घसा खाकरला.

कदीर खडू घेऊन आला. "सतरा चहा झाले.
पैसे कोण देणार, हात वर करा."
एकही हात हलला नाही.
मग माझा गेला, का ते मलाही नीट कळलं नाही,
आणि खंडू म्हणाला, "बघा,
हे बी निघालं तिच्याच टीमचं."

स्टॉपवॉच अजून माझ्याकडंच आहे.
शाळेला परत करायचं राहून जातं.
रात्री कधी दाबून बघतो :
बटण घट्ट वगैरे नाही,
एकदम मऊ चालतं.